देवाच्या तोंडावर फुंकायचं नाही

नोव्हेंबरात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून मला गप्प बसवणं घरात कोणालाच जमलेलं नाही. त्याआधी मी वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे आणि हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा घसा साफ करायचे. आता बाईंचा प्रश्न अर्धा झाला की माझा हात वर. प्रश्न काय होता ते मला हात वर गेल्यावर कळतं, पण तो वेगळा मुद्दा.

तर विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंनी कोण काय करणार असं विचारलं. ज्वालामुखी, ज्वालामुखी, ठिबक सिंचन, ज्वालामुखी अशी गाडी माझ्यापर्यंत आली आणि मी उभी राहून म्हणाले, "मी माणसांचे श्वास मोजणार."

"का?" बाईंनी विचारलं.

का ते मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "कारण ते सगळ्यांकडे असतात."

मोजणं सोपं आहे. माणूस स्वस्थ बसलेला हवा, मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि छाती किती वेळा वर जाते ते बघायचं. मोठ्या माणसाचे बारा ते वीस आले की ठीक. आईचे सोळा आले. बाबांचे चौदा, अधिक एक ढेकर. आमच्या मोती कुत्र्याचे सव्वीस, पण मधेच मांजर गेली म्हणून तो प्रयोग रद्द. मग मी आबांकडे वळले.

आबा म्हणजे माझे आजोबा, गोविंदा. आमचं गाव गागोद्याच्या बाजूला, भाताची आणि वालाची थोडी शेती, ती बाबा बघतात. आबा चाळीस वर्षं पेणला मोरोपंतांच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. मूर्तीला अंगाचा रंग झाला, पीतांबर झालं, दागिने झाले, सोंडेवर नक्षी झाली, तरी ती मूर्ती आंधळीच असते. शेवटी आबा येतात. आबांच्या हातून डोळे उघडले की मग तो गणपती. म्हणजे देवाला दिसायला लागतं ते आमच्या आबांमुळे. हे मी एकदा कीर्तनकारबुवांना सांगितलं होतं. बुवांनी विषय बदलला.

"आबा, स्वस्थ बसा. तुमचे श्वास मोजायचेत."

आबा खुर्चीत ताठ झाले. आधार कार्डाच्या फोटोला बसतात तसे. हनुवटी वर, हात मांडीवर. एका मिनिटात चौदा.

"बग," आबा म्हणाले. "तुज्या बापाएवडे."

मला ते पटलं नाही. कारण आबा उठून मोरीपर्यंत गेले आणि परत येताना दाराच्या चौकटीला हात लावून थांबले. खांदे वर, मान पुढं, आणि ओठांचा चंबू करून फूऽऽ करत राहिले, जणू समोर कोणीतरी गरम चहाची बशी धरलीय. ते असं गेलं वर्षभर करत होते. आम्ही समजायचो आबा शीळ घालतायत. आई तर म्हणायची, "म्हाताऱ्याला गाणी सुचतात या वयात."

माणसाला कळलं की आपले श्वास मोजतायत, तर तो खोटे श्वास घेतो. हे मला एका नर्सच्या व्हिडिओत सापडलं, आणि उपायही तिथंच. नाडी बघायचं सोंग करायचं, मनगट धरायचं आणि डोळे छातीवर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मी आबांचं मनगट धरलं आणि तोंड डॉक्टरसारखं आंबट केलं.

"आता काय गो?"

"नाडी. बोलायचं नाही."

एकोणतीस. आत घेताना एक झटका, बाहेर सोडताना एक, दोन, तीन, चार. गळ्याखाली दोन हाडांमधला खळगा प्रत्येक श्वासाला आत खेचला जात होता आणि मानेच्या दोन्ही शिरा दोरीसारख्या ताठ होत होत्या. माणूस नुसता खुर्चीत बसलेला, आणि अंग असं करत होतं की जसं काही धान्याचं पोतं उचलतंय.

मी वहीत एकोणतीस लिहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा, स्पर्धेनंतर पहिल्यांदा, मी दहा मिनिटं काही बोलले नाही. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

*

आबांनी हे का लपवलं ते मला शनिवारी कळलं. शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर मी कारखान्यात जाते आणि आबांबरोबर मिनीडोर रिक्षानं घरी येते. त्या दिवशी मोरोपंत एका दीड फुटी मूर्तीसमोर हात मागे बांधून उभे होते. मोरोपंत म्हणजे कारखान्याचे मालक. वय सत्तर, आवाज हळू, आणि टोमणा मारताना आणखी हळू होणारा.

"गोविंदा," ते म्हणाले, "हा बाप्पा मला डोळा मारतोय."

मी बघितलं. खरंच मारत होता. उजवा डोळा छान शांत आणि डाव्याच्या वरच्या रेघेला मधेच एक गचका. गणपती जरा वात्रट दिसत होता. मला तो आवडला, पण मी गिऱ्हाईक नाही.

"बल्ब लपलपला, पंत," आबा म्हणाले.

"परवाच्या दोघांच्या वेळीही बल्बच का?"

आबा कुंचला पुसायला लागले.

"हे बघ, मी तुला काढत नाहीये. चाळीस वर्षं झाली, काढेन कसा? महिनाभर बघू. नाहीच जमलं तर आतल्या खोलीत बस, निवांत पॉलिशपेपर मार. त्याला काही हात स्थिर लागत नाही."

पंत हे अगदी मायेनं बोलले. त्यांना खरंच वाटत होतं की ते उपकार करतायत. पण आतली खोली म्हणजे घासकाम. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे तिथं घासून गुळगुळीत करतात, आणि त्या भुकटीनं सगळं पांढरं असतं: जमीन, पंखा, माणसं, माणसांच्या पापण्या. तिथं गुणाजीकाका बसतात. तेही आधी रंगकामालाच होते. हात कापायला लागला आणि आत गेले. ते खोकतात तेव्हा बाहेर ठेवलेले उंदीर हलतात. प्लास्टरचे.

मिनीडोरमध्ये आबांनी मला सांगितलं, कारण मी वडखळ रोडपासून बाजारापर्यंत त्यांचं डोकं खाल्लं.

आखणीची एक रीत असते. श्वास भरून घ्यायचा, धरायचा, कुंचला डोळ्याच्या कोपऱ्याला टेकवायचा आणि एका दमात रेघ पार न्यायची. पाच आकडे मोजेपर्यंत. मग कुंचला उचलायचा, तोंड बाजूला वळवायचं आणि मगच श्वास सोडायचा. देवाच्या तोंडावर फुंकायचं नाही. उष्टा श्वास. शिवाय ओल्या रंगावर धूळ बसते, पण ते कारण नंतरचं. आबांना त्यांच्या गुरूनं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं आणि चुकल्यावर कानाखाली वाजवलीही होती.

"आता तिसऱ्या आकड्याला छाती आपसूक उडते," आबा म्हणाले. "मी नाय उडवत. तीच उडते."

"मग डॉक्टरकडे चला."

"डाक्टर काय सांगल? धूळ सोड, रंग सोड. मंग मी काय करू? तुज्या आईबरोबर वाल सोलू?"

"आणि आतल्या खोलीत गेलात तर?"

आबांनी ओठांचा चंबू केला आणि बाहेर बघत फूऽऽ केलं. यावेळी मला ती शीळ वाटली नाही.

*

आबांना डॉक्टरकडे नेणं म्हणजे मोतीला आंघोळ घालण्यासारखं. समोरून गेलात तर तो सापडत नाही. बाजूनं जावं लागतं.

माझी सरूआत्या रोह्याला असते. तिचे यजमान धाटावला कंपनीत आहेत, आणि कंपनीवाले त्यांना दरवर्षी एका यंत्रात फुंकायला लावतात, फुप्फुसं ठीक आहेत की नाही बघायला. मी आत्याला फोन केला. आत्या म्हणाली इथं मैथिली डॉक्टर आहेत, छातीच्या, त्यांच्याकडेही तसलं यंत्र आहे.

मग मी आबांसमोर बसले आणि शक्य तेवढं बिचारं तोंड केलं.

"आबा, माझ्या प्रयोगाला एक फुंकायचं यंत्र पाहिजे. रोह्याला आहे. पण फुंकणारा माणूस अनुभवी लागतो."

"तुजा बाप हाय की."

"बाबा ढेकर देतात."

आबांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. देवाचे डोळे रेखण्यात चाळीस वर्षं गेलेल्या माणसापुढं डोळ्यांत पाणी आणायचं नाटक करू नये.

"मार्क किती हायत त्याला?" त्यांनी विचारलं.

"पन्नास."

"मंग जाऊया. पन माज्यासाठी नाय. मार्कांसाठी."

पुढच्या शनिवारी आम्ही एसटीत बसलो. गडब गेलं, कासू गेलं, नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून सालासकट भाजलेले शेंगदाणे घेतले. आबांना खायला दिले तर म्हणाले, "चावू का श्वास घेऊ, एक काय ते सांग." हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं. मी पुडी दप्तरात ठेवली.

*

दवाखान्यात यंत्र हातात मावेल एवढं होतं. एका बाजूला पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची, दुसऱ्या बाजूनं वारा बाहेर, आणि वाऱ्याची रेघ कॉम्प्युटरवर. तपासणी करणाऱ्या अनन्याताईंनी आबांच्या नाकाला चिमटा लावला. आमच्याकडं तसल्यांनी चड्ड्या वाळत घालतात. हे मी मोठ्यानं बोलले. सरूआत्यानं मला कोपरानं ढोसलं.

"आजोबा, पूर्ण श्वास घ्या, ओठ घट्ट मिटा, आणि एकदम जोरात फुंका. मी थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहायचं."

आबांनी डोळे मिटले. श्वास भरला. धरला. आणि मग असा हळू, असा नाजूक सोडला की समोर ओला रंग असता तरी हलला नसता. कॉम्प्युटरवरची रेघ ओहोटीच्या खाडीसारखी आडवी पडून राहिली.

"आजोबा, जोरात!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच, वर आबांनी सवयीनं तोंड बाजूला वळवलं आणि नळी निसटली.

"पेशंट कोऑपरेट करत नाहीयेत," अनन्याताई आत्याला म्हणाल्या. मला राग आला. आबा चाळीस वर्षांची सगळी विद्या पणाला लावत होते, आणि या बाई म्हणतात कोऑपरेट करत नाहीयेत.

"फुगा फुगवता ना, तसं करा."

"फुगा कंदी फुगवलाच नाय."

"बरं थांबा, तुम्हाला चित्र लावते. लहान मुलांना पण हेच लावतो." त्यांनी काहीतरी दाबलं आणि कॉम्प्युटरवर केक आला, वर सहा मेणबत्त्या पेटलेल्या. "आता एका फुंकरीत सगळ्या विझवायच्या!"

आबांनी नळी तोंडातून काढली. नाकाला चिमटा तसाच, त्यामुळे आवाज मांजरासारखा येत होता, पण रुबाब कमी झाला नव्हता.

"दिवा तोंडानं फुंकून इझवत नाय, बाय. घरात कोणी शिकवलं नाय व्हय तुला?"

"अहो आजोबा, हा खरा दिवा नाही. कॉम्प्युटरमधला आहे."

"आनी माजा देव? तो प्लास्टरचाच असतो."

अनन्याताईंनी केक बंद केला. सरूआत्या म्हणाली, "आबा, फुंका की एकदाचं, बाहेर माणसं थांबलीत." आबांनी चिमट्याला हात घातला. म्हणजे आता ते उठणार होते, आणि एकदा उठले की रोहा परत दिसणार नव्हतं. पंतांनी दिलेल्या महिन्यातला आठवडा गेला होता.

आबा कशावर जोरात फुंकतात? चुलीवर नाही, गॅस आहे. चहावर हळू फुंकतात. धुळीला ब्रश मारतात. मी दप्तरात हात घातला पाणी काढायला, आणि हाताला पुडी लागली.

"थांबा!" मी ओरडले. मूठभर शेंगदाणे काढले, दोन्ही तळव्यांत खसाखसा चोळले, आणि तळहात यंत्राच्या मागच्या बाजूला धरला. लाल सालं सुटून वर आली होती. "आबा, ही सालं उडवा. दाण्यांवर एक राहता कामा नये."

आबांचा चेहरा सैल झाला. शेंगदाण्याच्या सालाला कसला आलाय देवधर्म.

"आधी तू दाखव," ते म्हणाले.

अनन्याताईंनी हताश होऊन मला नवीन नळी दिली. मी फुंकलं. सालं उडाली ती थेट समोरच्या कॅलेंडरवर, काही अनन्याताईंच्या केसांत, एक आत्याच्या चहात. कॉम्प्युटरवर डोंगरासारखी रेघ चढली. मला टाळ्या अपेक्षित होत्या. मिळाल्या नाहीत.

मी परत दाणे चोळले. आबांची नळी लावली. आबांनी श्वास भरला, आणि यावेळी धरला नाही. फुंकलं. खरं फुंकलं. मान लाल झाली, शिरा टरारल्या, खांदे कानाला टेकले, अनन्याताई ओरडत होत्या, "अजून, अजून, अजून, शाब्बास, अजून!" आणि मी माझ्या तळव्याकडं बघत होते.

सालं जागची सरकली. दोन-तीन उलटी झाली. एक कडेपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

बस. एवढंच.

"छान झालं!" अनन्याताई म्हणाल्या. "हवी तशी आली टेस्ट. अजून दोनदा असंच." त्यांना रेघ मिळाली होती. आबांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग कॅलेंडरवर चिकटलेल्या माझ्या सालांकडं बघितलं. त्यांनी ते एक कडेचं साल बोटानं उचललं आणि खाली टाकलं.

"दम गेला गो," ते म्हणाले. हळू.

मी परत दाणे चोळायला लागले.

*

मैथिली डॉक्टर तरुण होत्या आणि भरभर बोलायच्या, त्यामुळे मला लगेच आवडल्या. त्यांनी रेघ बघितली, छातीला नळी लावून पाठीपर्यंत ऐकलं, मग खुर्ची पुढं ओढली.

"बाबा, ओठ असे करून श्वास सोडायला तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोन शिकवतंय. चा फुंकताना कळलं, बरं वाटतं."

"हे शिकवायला मला एकेका पेशंटमागं अर्धा तास जातो. आणि तुम्ही घरी बसून शोधलंत!"

आबा जरा सरळ बसले.

मग डॉक्टरांनी समजावलं. फुप्फुसातल्या नळ्या बारीक झाल्यात. चाळीस वर्षांची भुकटी, रंगाचा वास, आणि बिडी. (बिडीचं नाव निघाल्यावर आबांनी खिडकीबाहेर फार रस घेऊन बघितलं.) हवा आत जाते, पण बाहेर पडत नाही. "वडखळ नाक्यावर मिनीडोर भरून येते ना? आतले उतरलेच नाहीत तर नवीन चढणार कुठं? तुमच्या छातीत तसं झालंय. जुनी हवा बसून राहते. म्हणून श्वास आखूड, घाईचा. ओठ आवळले की नळ्या मिटत नाहीत, आतले दोन-चार उतरतात."

"म्हणजे आबांचा प्रॉब्लेम श्वास घ्यायचा नाही, सोडायचा आहे!" मी म्हणाले.

"बरोबर. आपल्याला श्वास सोडायला काही करावं लागत नाही. ताणलेलं रबर सोडलं की आपोआप आखडतं, तसं. यांचं रबर सैल पडलंय. आत घ्यायलाही काम, बाहेर काढायलाही काम. मानेचे, खांद्याचे, पोटाचे स्नायू दिवसभर जुंपलेले. बसल्या जागी नांगर धरल्यासारखं."

"म्हंजे मी झोपलो तरी कामावरच असतो?" आबांनी विचारलं.

"ओव्हरटाइमला."

"पंतांना सांगायला पायजे."

मी वही काढून गुणाजीकाकांचा आकडाही दाखवला, तो मी जाता जाता चोरून मोजला होता. चौतीस. पण त्यांचं वेगळं होतं, ते सोडताना अडकत नव्हते. घेतच थोडं होते, पटपट, चिमण्यांसारखं. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "यांचं फुप्फुस कडक झालेलं असू शकतं. कडक रबर ताणायलाच जड, म्हणून माणूस छोटे छोटे श्वास घेतो. मोजून नाही सांगता येणार. त्यांना आणा माझ्याकडं. लवकर."

शेवटी औषध. एक ओढायचा पंप, तो कसा ओढायचा ते तीनदा करून दाखवलं. बिडी बंद. घासकामाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कारखान्यात मास्क, आणि एक त्यांनी लगेच माझ्या हातात दिला.

"मास्क नाय," आबा म्हणाले. "करोनात घातला तेवडा पुरे. तोंड बांधून देवापुढं बसायला मी काय दरोडा घालायला आलोय?" आणि मग जे विचारायला ते खरं तर रोह्याला आले होते ते विचारलं. "पंप ओढला तर श्वास धरता येईल? पाच आकडे?"

डॉक्टर पहिल्यांदाच हळू बोलल्या. "औषधानं बरं वाटेल, बाबा. चालवेल, झोप लागेल. पण पहिल्यासारखा श्वास धरणं... ते मी कबूल करू शकत नाही."

*

परतीच्या एसटीत आबा खिडकीबाहेर बघत बसले. गप्प बसणं मला फार कठीण जातं, म्हणून मी त्यांचे श्वास मोजत बसले. आत एक. बाहेर एक, दोन, तीन, चार. पंपामुळं असेल किंवा दमल्यामुळं, गडबच्या अलीकडं बाहेर पाच झाले.

पाच.

"आबा! रेघेला किती आकडे लागतात?"

"पाच."

"तुम्हाला श्वास सोडायला किती लागतात माहितीये? पाच! धरायचा कशाला? सोडता सोडता काढा ना रेघ!"

पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं. आबांनीही बघितलं, पण असं, की मी गणपतीला चप्पल मारायला सांगितलीय.

"देवाच्या तोंडावर फुंकू?"

"हळूच..."

"नाय."

विषय संपला. दोन दिवस संपलेलाच राहिला. मी घरात तीन वेगवेगळी भाषणं केली, एकात तर मी म्हणाले की देवानं इतक्या आरत्यांचे वास सहन केलेत, त्याला आबांच्या श्वासाचं काय. आईनं लाटणं दाखवलं.

मंगळवारी सकाळी आबा डबा भरता भरता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या डाक्टरनीनं दिलेला मास्क कुठं टाकलास गो?"

"तुम्हाला दरोडेखोर वाटतं ना?"

"माज्यासाठी नाय. देवाच्या तोंडावर श्वास नको जायला. मधी कापड असलं म्हंजे झालं."

मी पळत जाऊन मास्क आणला, मधे मोतीवर पाय पडला. म्हणजे डॉक्टर सांगून थकल्या, मी भाषणं करून थकले, आणि शेवटी मास्क चढला तो गणपतीच्या सोयीसाठी. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. माझ्यातही सुधारणा होतेय.

सरावाला आबांनी उंदीर घेतले. कान तुटलेले, शेपूट उडालेले, मोडीतले. पहिले तीस उंदीर तिरळे झाले. एक तर इतका बेरकी दिसत होता की मी त्याला घरी आणला, तो माझ्या टेबलावर आहे. चाळीस वर्षं हात आणि श्वास एकमेकांविरुद्ध शिकलेले. श्वास हलला की हात थांबणार, हात हलला की श्वास थांबणार. त्यांना आता एकत्र चालायला लावायचं. आबा चिडायचे, पंप ओढायचे, बसायचे, परत कुंचला धरायचे.

महिना भरायला तीन दिवस होते तेव्हा शनिवार आला. मी दप्तर घेऊन कारखान्यात शिरले तर मोरोपंत खुर्ची टाकून आबांच्या समोर बसलेले. मधे दोन फुटी मूर्ती, डोळ्यांच्या जागा पांढऱ्या.

आबांनी मास्क नाकापर्यंत ओढला. कोपरं मेजावर टेकवली. आत एक. कुंचला कोपऱ्याला लागला. मास्क फुगायला लागला, बेडकाच्या गळ्यासारखा, आणि त्याच्यामागं ओठांचा तो चंबू, फूऽऽऽ, आणि रेघ निघाली. हळू. वर चढली, वळली, उतरली. मी मोजत होते. पाचावर कुंचला उचलला गेला. आबांनी सवयीनं तोंड बाजूला वळवलं, मास्क असूनही.

मग मला कळलं की मीच श्वास धरून उभी होते.

दुसरा डोळा करायच्या आधी आबा तीन मिनिटं नुसते बसले. पूर्वी तीन मिनिटांत एक मूर्ती व्हायची. पंत बघत होते, घड्याळाकडंही बघत होते. दुसरी रेघ झाली. पंत उठले, चष्मा वर केला, मूर्तीच्या नाकाला नाक लावून बघितलं, म्हणजे सोंडेला.

"डोळा मारत नाही," ते म्हणाले.

"नाय."

"पण तू हळू झालास, गोविंदा."

"व्हय. आता एवडाच स्पीड हाय. दिवसाला आठ, फार तर धा." आबा मास्कच्या आतून बोलत होते. "आनी आतल्या खोलीत मी बसनार नाय, पंत. डाक्टरनं सांगितलंय. आत जो बसलाय त्यालाच बाहेर काडायला पायजे."

मोरोपंतांच्या आवाजाला आणखी हळू व्हायला जागाच नव्हती. त्यांनी दाराकडं बघितलं. दारात गुणाजीकाका उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, पॉलिशपेपर हातात तसाच.

"दोन फुटी सगळ्या इकडं लावून ठेवा," पंत शेवटी रंगवाल्यांना म्हणाले. "आठ तर आठ." आणि मग मला, "तू काय बघतेस गं? त्या डॉक्टरांचा नंबर लिहून दे मला."

मी वहीतलं पान फाडलं. तेवढ्यात गुणाजीकाका पुढं आले आणि अंगावरची भुकटी झटकत त्यांनी मनगट माझ्यासमोर धरलं.

"काय गो, सगळ्यांची नाडी बगतेस म्हनं. माजी बग की."

मी मनगट धरलं, तोंड आंबट केलं आणि त्यांच्या छातीकडं बघायला लागले.